गाडी वळायची जागा

निरोप आणला तो गाडीच्या कंडक्टरने. वालचंदनगरला आमच्या क्वार्टरजवळच्या थांब्यावर माझे वडील उभे होते. कंडक्टरने दारातूनच सांगितलं, की तुमच्या गावच्या कमानीपाशी माणसं थांबली होती, वस्तीवरची कुणी म्हातारी गेली, तुम्हाला कळवायला सांगितलंय. नाव त्याला आठवत नव्हतं. घंटी वाजली, गाडी गेली. वडील घरी आले ते चपला न काढता उंबऱ्यातच उभे राहिले, आणि कोण म्हातारी हे आम्हाला कुणालाच विचारावं लागलं नाही... माझी आत्या, कौसाआत्या. त्या कंडक्टरने तिला कधी पाहिलेलं असणं शक्य नव्हतं, कारण त्याची गाडी कमानीच्या आत कधी गेलेलीच नव्हती.

आमचं गाव भवानीनगरच्या पुढे, कालव्याच्या पलीकडे. आधी गाव लागतं, मग देऊळ, आणि सगळ्यांत शेवटी, उसाच्या फडांमधून गेलेल्या रस्त्याच्या टोकाला आमची बौद्ध वस्ती. हायस्कूलला जायचं तर या उसातून चालत जावं लागे. आत्याची मुलगी शोभाताई सातवीनंतर घरी बसली ती या रस्त्यामुळे. उसातून कुणीतरी हाका मारायचं, खडे मारायचं, आणि गावात सांगितलं तर लोक विचारायचे, तुमच्याच पोरीला बरे मारतात? वर्षभरात तिचं भिगवणला लग्न लावून दिलं. ते लग्न उरकल्यावर आत्या वस्तीपर्यंत गाडी आणायच्या मागे लागली. आधी लागली असती तर, हे शोभाताईने तिला कधी विसरू दिलं नाही.

आत्या एसटीच्या डेपोत जाऊन बसायची. हाकलली तर बाहेरच्या बाकावर बसायची. शेवटी एका साहेबाने कंटाळून सांगितलं, की वस्तीपर्यंत गाडी देऊ, पण ती वळायला जागा दाखवा, उसातून उलटी आणणार नाही. वस्तीत तेवढी मोकळी जागा एकच होती, आत्याचं अंगण. तिने शेवग्याची दोन्ही झाडं तोडली, दगडी कुंपण उपसलं, मुरूम टाकून जमीन चोपली. गाडी आली, आत्याच्या दारापुढून गोल वळली, आणि वस्तीतल्या मुली तिच्यात बसून शाळेत गेल्या.

हे मी सुट्ट्यांमध्ये पाहिलेलं आहे. आत्या प्रेमळ होती असं मला लिहिता येणार नाही. मी इंग्रजी शाळेत जाणारी आणि मुळात कमी बोलणारी. मी दिसले की ती चारचौघांत विचारायची, “काय मड्डम, तोंड शाळंत जमा करून आलीस का?” मुलींशी तर ती याहून वाईट बोलायची. एखादी शाळेला आली नाही की तिच्या दारात जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, “पुस्तक धरून हात दुखत्यात व्हय? मग खुरपं धर, त्ये हलकं असतंय.” मुली तिला घाबरून शाळेत जायच्या. अंगणात ती काही म्हणजे काही ठेवू द्यायची नाही. बाज भिंतीला उभी करायची, मिरच्या छपरावर वाळवायची, शेळ्या मागच्या बाजूला बांधायची. पोरांनी गोट्या खेळायला गल खणली, की टाचेने बुजवत ओरडायची, “हितं न्हाय. चाक रुतंल.”

मग गावातल्या आबांचे वडील वारले. आबा म्हणजे गावचे जुने सरपंच. त्यांनी वडिलांच्या नावाने वेशीवर सिमेंटची कमान बांधायला घेतली. गवंडी म्हणत होता उंच घेऊ, पण देवळाच्या महाद्वारापेक्षा कमान उंच नको असं आबांचं म्हणणं पडलं. मग उंची ठरवायची कशी, तर रोजची गाडीच खाली उभी केली. तिच्या टपावर बांबू धरला आणि वर वीतभर जागा सोडून खूण केली. बांबूचं एक टोक धरायला आत्याही होती. आपल्या गाडीच्या मापाने गावाची कमान होते, याचा तिला फार अभिमान वाटला होता. घरी आल्यावर तिने मला चक्क गूळ दिला.

पुढच्या वर्षी रस्त्यावर खडी पडली, डांबर पडलं आणि रस्ता वर आला. त्याच सुमारास डेपोत नव्या गाड्या आल्या, जुन्यांपेक्षा लांब आणि उंच. जुन्या भंगारात निघाल्या. आमच्या मार्गाला नवी गाडी मिळाली त्या दिवशी गावाने नारळ आणले, हार आणले, हलगी लावली. आत्याने अंगण सारवल्यासारखं झाडलं, लिंबाचं सरबत केलं आणि ती मला बरोबर घेऊन दारात उभी राहिली. हॉर्न ऐकू आला. हलगी ऐकू आली. मग काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला आणि हलगी थांबली. आम्ही उभ्याच होतो... थोड्या वेळाने गाडी उलटी घेतल्याचा आवाज आला, आणि तो लांब लांब जात राहिला. गाडीच्या टपाने आबांच्या वडिलांच्या नावातलं एक अक्षर पाडलं होतं.

देवळापुढे बैठक भरली. आत्या म्हणाली, कमान नका पाडू, खालचा रस्ता हातभर खणा, मी एकटी खणते. आबा शांतपणे म्हणाले, रस्ता सरकारी आहे, खणला तर गुन्हा होतो. मग कमानीचा वरचा पट्टा काढा, ती म्हणाली. त्यावर माझ्या बापाचं नाव आहे, आबा म्हणाले.

“तुमचा बा जिता असताना बी यवडा उंच नव्हता, आबा.”

कुणी हसलं नाही. आबाही चिडले नाहीत. पान चघळत ते म्हणाले, “कौसाबाई, अंगण मोकळं झालंय तर वांगी लावा. मुरमात झ्याक येत्यात.” यावर मात्र सगळे हसले.

डेपोत ती मला घेऊन गेली, कारण साहेबाला इंग्रजी बोलणारं माणूस दाखवायचं होतं. साहेब भले होते. त्यांनी चहा सांगितला, माझी शाळा विचारली, आणि पुढचं सगळं माझ्याशीच इंग्रजीत बोलले. एका वस्तीसाठी जुनी गाडी ठेवता येणार नाही, तिचे सुटे भागसुद्धा आता येत नाहीत, कमानीपर्यंत गाडी येते हेही खूप आहे. बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, काय म्हनला? मी म्हटलं, सॉरी म्हणाले. ती म्हणाली, “सॉरीला टायर असत्यात का गं?”

वस्तीतल्या मुली काही दिवस कमानीपर्यंत चालत गेल्या. पुन्हा हाका आल्या, पुन्हा खडे आले. एकेक करून त्या घरी बसल्या. आत्या त्यांच्या दारात जाईनाशी झाली. जी खुरपं घेऊन निघे तिच्याकडे ती बघायचीसुद्धा नाही. पण बाज तशीच भिंतीला उभी असायची. गाडी यायची बंद होऊन वर्षं झाली तरी अंगणात तिने मिरची वाळू दिली नाही, की वांगंही लावलं नाही. वस्तीतले लोक तिच्या तोंडावर विचारायचे, काय कौसाबाई, आज लेट हाय का गाडी? ती अंगण झाडत राहायची.

आत्या गेल्यानंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिच्या अंगणातच झाला, कारण मांडवापुरती जागा दुसरीकडे नव्हती. खांब रोवले, पांढरं कापड बांधलं, सतरंज्या घातल्या. गावातून आबा आले, त्यांच्यासाठी खुर्ची आणली गेली. ते बोलायला उठले आणि म्हणाले, “कौसाबाईंनी या गावात गाडी आनली. कमानीपाशी जो थांबा हाय, त्याला आपन त्यांचं नाव देऊ.” लोकांनी माना हलवल्या. वस्तीतल्यांनीही हलवल्या, माझ्या वडिलांनीसुद्धा. माझ्या शेजारी बसलेली शोभाताई पुटपुटली, “जितं तिची गाडी अडली, तितंच उभी केली का तिला.” निघताना आबांनी मांडवाकडे एकवार पाहिलं. “शेवटी अंगण कामाला आलं बगा,” ते म्हणाले. ते चेष्टेने म्हणाले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मांडववाल्याने खांब उपटून नेले. घर आता शोभाताईचं. ती दारात बसून सांगत होती, की हे विकून टाकणार, कोण येतंय इथं. भिंतीपाशी उभी असलेली बाज कुणीतरी अंगणाच्या मधोमध टाकली होती. मी ती उचलून पुन्हा भिंतीला लावली. मग मागच्या बाजूचं घमेलं घेतलं, मुरूम आणला आणि खांबांचे खड्डे भरायला लागले. एकेक खड्डा भरला, टाचेने दाबला, वर पाणी शिंपडून पुन्हा दाबला. शोभाताईने विचारलं, “आता कशाला गं ते?”

“चाक रुतंल,” मी म्हटलं.