पोट आलेली नळी

त्याला सगळे गळक्या म्हणत. हे नाव त्याच्या थोरल्या साडूने चिकटवलेलं. दोघेही नळ्या जोडणारे फिटर, आणि दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. एका जुन्या कामावर साडूने जोडलेला सांधा गळला. चौकशी व्हायच्या आत साडू साहेबांकडे जाऊन म्हणाला, "आमच्या धाकट्याचा हात जरा गळका आहे हो. सांभाळून घ्या."

साहेबांनी सांभाळून घेतलं, पण नाव राहिलं. ते कँटीनमध्ये रुळलं, सासरी पोचलं आणि एकदा भांडणात बायकोच्या तोंडूनही निघालं. त्या दिवसापासून गळक्याने साडूवर डूख धरला.

संधी आली ती कारखान्याच्या चिमणीवर. तिच्यातला धूर तपासणारं नवं यंत्र बसायचं होतं. यंत्र खाली खोलीत, धूर वर, आणि मधे बोटाएवढ्या जाडीची स्टीलची नळी. वरचा टप्पा साडूकडे, खालचा गळक्याकडे. धूर गरम आणि दमट. नळीत थंडावला की त्याचं पाणी सुटतं. ते थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात उतरावं म्हणून नळीला सगळीकडे उतार हवा. कुठे झोल राहिला तर पाणी तिथे तुंबतं आणि मग एकदम लोंढ्याने यंत्रात घुसतं. अशा झोलाला तिथले फिटर पोट म्हणत.

परांचीवर चढल्यावर गळक्याला दिसलं, साडूने नळी धरून ठेवणारा मधला एक क्लॅम्प बसवलाच नव्हता, चक्क खाल्ला होता आणि नळीला छान गरगरीत पोट आलं होतं.

"झालं का, साडूभाऊ?" त्याने साखर पेरत विचारलं.

"आपलं काम म्हणजे बघायला नको. तू तुझे नट तेवढे नीट आवळ."

"आवळतो की."

त्याने आवळलेही. प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा येईल तर शपथ. पोटाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. मनातल्या मनात तो एक नाव घोळवत होता: पोटोबा.

चाचणीच्या दिवशी आकडे सकाळभर शहाण्यासारखे वागले. जेवणाच्या सुट्टीनंतर यंत्राने गुळणी केल्यासारखा आवाज काढला आणि मान टाकली. झाकण उघडलं, तर आत पाणी.

"कुणाचं काम हे?" साहेब कडाडले.

साडूला विचार करायला वेळ लागतच नसे. "साहेब, गळक्या इथे असताना आणखी कुणाचं असणार?"

सगळे फिदीफिदी हसले. एवढा डाव मांडला आणि पदरात पुन्हा तेच! गळक्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने पाना उचलला तसा साडू दोन पावलं मागे सरला.

"घाबरता काय? वर चला. साहेब, तुम्हीही या."

वर जाऊन त्याने चिमणीकडचा व्हॉल्व्ह बंद केला, साडूला बरोब्बर पोटाखाली उभं केलं आणि तिथला नट सोडला. तांबूस, आंबट वासाचं पाणी भळाभळा साडूच्या टाळूवरून कॉलरमध्ये उतरलं.

"हा टप्पा कुणाचा, पोटोबा?"

खाली हशाचा स्फोट झाला. साहेब मात्र हसले नाहीत. "पाणी नेमकं इथेच आहे, हे तुला कसं ठाऊक?"

"नळी बसली तेव्हाच पोट दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर पाणी साचलं नसतं ना, साहेब."

साहेबांनी दोघांनाही कामावरून काढलं.

घरी बायको कमरेवर हात ठेवूनच उभी होती. "ताईचा फोन येऊन गेला. तेही घरी बसले, तुम्हीही बसलात. काय मिळवलंत?"

गळक्याने हातपाय धुतले, ताटावर बसला. "रडत होती का ताई?"

"रडेल नाही तर काय? तिच्या शेजारणीसुद्धा त्यांना त्या भलत्याच नावाने हाक मारायला लागल्यात."

"कोणत्या?" त्याने भोळा चेहरा करून विचारलं.

बायको बोलायला गेली आणि तिला हसू फुटलं. ते दाबायला तिने पदर तोंडाशी नेला.

"म्हण ना," गळक्या म्हणाला, आणि त्याने ताट पुढे करून आणखी वाढून घेतलं.