साडूच्या खिडक्या

माझ्या साडूइतका भित्रा माणूस आमच्या ट्रुगानिना उपनगरातच काय, अख्ख्या दक्षिण गोलार्धात सापडायचा नाही. विषारी कोळ्यांना इथे सगळेच घाबरतात. हा शब्दांना घाबरतो. शब्द कानावर पडला की त्याची फोड करायची आणि आतून जे निघेल त्याला भिऊन बसायचं. ऑफिसातल्या एका डॅनिश सहकाऱ्याने त्याला लंचला सांगितलं, की त्यांच्याकडे नायट्रोजनला ‘क्वेलस्टॉफ’ म्हणतात. ‘क्वेल’ म्हणजे गुदमरवणं, ‘स्टॉफ’ म्हणजे पदार्थ. नुसत्या नायट्रोजनमध्ये जीव गुदमरतो, म्हणून हे नाव. सहकारी सँडविच संपवून गेला. साडू तिथेच बसून राहिला. “अरे, हवेत बहुतेक तेच भरलंय!” संध्याकाळी मला म्हणाला. “आणि तो वर म्हणतो, नो वरीज!”

तेव्हापासून त्याला बंद खिडकी बघवेना. ऐन जुलैच्या थंडीत आमच्याकडे जेवायला आला, की बूट काढायच्या आधी खिडक्या उघडायचा, आणि आम्ही जॅकेटं चढवून वरणभात खायचो. मेव्हणी म्हणायची, “लग्नाआधी पत्रिका बघितली, डिक्शनरी बघायला हवी होती.” आम्ही हसायचो. पण त्याच्या सात वर्षांच्या मुलीला दमा होता, आणि ही सगळी भीती तिच्यासाठी होती.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी सगळे आमच्याकडे होते. उत्तरेचा गरम वारा सुटला होता, मागून वादळ येत होतं. फोनवर इशारा आला: हवेत गवताचे परागकण, दमेकऱ्यांनी खिडक्या बंद ठेवाव्यात. साडूने त्या आल्याआल्याच सताड उघडल्या होत्या. मी उठलो तर म्हणाला, “नको रे, गुदमरेल ती!” तेवढ्यात कार्पेटवर खेळणारी पोर धापा टाकायला लागली. “बाबा, आय कान्ट...” पुढचा शब्द फुटेना. तिचे ओठ निळे पडायला लागले होते.

“लाव खिडक्या! सगळ्या!” साडू ओरडला. मेव्हणीने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. साडूने पफर, म्हणजे तिचा दम्याचा पंप, काढला. “एक पफ, चार श्वास. शाब्बास. आता दुसरा.” त्याचा आवाज शांत होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या बंद खोलीत, त्याच क्वेलस्टॉफमध्ये, तिचा श्वास हळूहळू परत आला. मग हा भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

आता वारा सुटला की खिडक्या तोच लावतो आणि तिच्या शेजारी जाऊन बसतो. जीव कासावीस होतो, श्वास रोखला जातो. ती चित्र रंगवत असते. वर न बघता त्याचा हात धरते आणि म्हणते, “ब्रीद, बाबा.”

आणि माझा साडू, भीत भीत, श्वास घेतो.