ओमुरकान-आकेंची निवृत्ती

आमच्या साज-बुलाक जिल्ह्यात मेंढी कापणारे घरोघरी आहेत. उकडलेल्या मेंढीचे कोणते हाड कोणत्या पाहुण्यापुढे ठेवायचे, हे बिनचूक जाणणारा सरकारी माणूस मात्र एकच होता, आणि तो सरकारी आहे हे सरकारलाच मान्य नव्हते. आमच्यात वडीलधाऱ्याला ‘आके’ म्हणतात; ओमुरकान-आके सव्वीस वर्षे जिल्ह्याच्या विश्रामगृहात हेच काम करीत आले. कमरेचे हाड बैठकीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला, मांडीचे त्याच्या खालच्याला, मग नळी, मग फरा, बरगड्या जावयांना आणि ड्रायव्हरांना. मुंडी मुख्य पाहुण्याला. इतके कोणीही सांगेल. परंतु दोन निवृत्त कर्नल, एक खासदार आणि त्या खासदाराचा थोरला साडू एकाच दस्तरखानाभोवती बसले असता मांडीचे हाड कोणाकडे जाते, हे सांगायला ओमुरकान-आके लागत. चूक झाली तर माणसे वर्षानुवर्षे बोलत नाहीत. माझ्या सख्ख्या मामांनी एका नळीवरून आमच्या घरी येणे सोडले, ते आईच्या मातीलाच आले.

झारिलबेक बोरुबायेव यांची राजकीय कारकीर्द वर्तमानपत्रांनी अनेकदा छापली. माझ्या मते ती ओमुरकान-आकेंच्या परातीवरून जितकी नीट कळते तितकी छापील मजकुरावरून कळत नाही. युवक संघटनेचा लुकडा चिटणीस म्हणून ते प्रथम आले तेव्हा त्यांना बरगडी मिळाली. जिल्हाप्रमुख झाल्यावर फरा. प्रांताचे राज्यपाल झाले तेव्हा मांडीचे हाड. मंत्रिपद आल्यावर मुंडी. पुढे एका उठावानंतर ते तुरुंगात गेले, सुटून आले, आणि कोणाच्या तरी वर्षश्राद्धाच्या जेवणात त्यांच्यापुढे पुन्हा बरगडीच आली. ओमुरकान-आके सांगत की त्या दिवशी त्यांनी ती बरगडी एकही शब्द न बोलता स्वच्छ खाल्ली, आणि आपल्याला हा माणूस त्याच दिवशी थोडा आवडला होता. त्यानंतर ते राजदूत झाले, घरी बसले, पक्ष काढला, पक्ष विकला, आणि शेवटी पंतप्रधान झाले. आमच्याकडे पंतप्रधानाच्या खुर्चीची गादी कोमट होण्याइतका वेळ कोणाला मिळत नाही, त्यामुळे या शेवटच्या बातमीने कोणी फारसे हलले नाही. हलले ते एकटे ओमुरकान-आके.

त्याचे कारण असे. ज्या उठावाने बोरुबायेव तुरुंगात गेले त्याच उठावात आमची जिल्हा कचेरी जळाली, आणि तिच्यातल्या कपाटासह ओमुरकान-आकेंचे सेवापुस्तक जळाले. निवृत्तीवेतन कचेरीच्या दृष्टीने या माणसाने आयुष्यात एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. नियम असा की पुस्तक नष्ट झाल्यास नेमणूक करणाऱ्या तत्कालीन अधिकाऱ्याने तसे लिहून द्यावे. गावच्या जेवणांत मेंढी वाटणाऱ्या ओमुरकान-आकेंना विश्रामगृहात नेमणारे तत्कालीन जिल्हाप्रमुख म्हणजे झारिलबेक बोरुबायेव. दुसऱ्या कोणाची सही चालत नव्हती.

मी मूळचा इतिहासाचा शिक्षक. पुढे जिल्हा कचेरीत पत्रव्यवहार पाहू लागलो, तरी लोक मला अजून ‘मुआलिम’ म्हणतात. ओमुरकान-आकेंचे अर्ज मीच लिहिले. सात लिहिले. माणूस तोच, मजकूर तोच. पत्ता मात्र सातही वेळा निराळा. मंत्रालयाने ‘संबंधित विभागाकडे पाठविले’ असे कळविले. तुरुंगातून पाकीट न उघडता परत आले. वकिलातीतून नववर्षाचे शुभेच्छापत्र आले, त्यावर बर्फातल्या एका चर्चचे चित्र होते.

“छान आहे,” ओमुरकान-आके म्हणाले, आणि ते त्यांनी स्वयंपाकघरात लावले.

एकदा मी त्यांना विचारले, की मुलगा रशियातून पाठवतो त्यात तुमचे भागते, मग या कागदामागे इतके का लागता? ते तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. कढत रश्श्यात हात घालून घालून त्यांची बोटे आकड्यासारखी वाकली होती.

“मुआलिम, दर वेळी कोणीतरी साहेब येतो आणि दारात गाडी उभी राहते. चला, आके, पाहुणे आलेत. मी म्हणतो, अरे बाबांनो, मी म्हातारा झालो, निवृत्त झालो. ते हसतात. म्हणतात, तुम्ही नोकरीतच नव्हता, निवृत्त कुठून होणार? खरं बोलतात. मी काम केलं एवढं एकदा लिहून मिळू दे. मग मी थांबेन.”

बोरुबायेव पंतप्रधान म्हणून आले ते जुलै महिन्यात. वर कुरणावर लोकरी तंबू उभारले, घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, म्हणजे किमिझच्या, कातडी पिशव्या आल्या, घोड्यांच्या शर्यती झाल्या. ओमुरकान-आकेंच्या कोटाच्या आतल्या खिशात आठवा कागद होता. या वेळी मी अर्ज लिहिलाच नव्हता, थेट प्रमाणपत्र तयार केले होते, फक्त खाली सही करायची. ठरले असे की मुंडी पुढे ठेवताना दोन शब्द बोलायचे आणि जेवण झाल्यावर कागद द्यायचा.

कुरणावर फोन लागत नाही. एका टेकाडावर तेवढा लागतो. राज्यपालांचा सहायक त्या टेकाडावर पाळीने उभा होता. हात धुण्यासाठी तांब्या फिरू लागला तेव्हा तो उतारावरून धावत आला आणि राज्यपालांच्या कानाशी लागला. राजधानीत संसदेने सरकार पाडले होते. हंगामी पंतप्रधान म्हणून उपपंतप्रधान उलुकमान सिदिकोव यांचे नाव जाहीर झाले होते, आणि ते बोरुबायेव यांच्या डाव्या हाताला बसून भाकरी मोडत होते.

राज्यपाल उठून बाहेर चुलीपाशी आले. मी परात धरून उभा होतो.

“आके, मुंडी उलुकमान एर्मेकोविच यांच्यापुढे ठेवा.”

“का?”

“का म्हणजे? बदल झालाय.”

ओमुरकान-आकेंनी सुरी पुसली. “त्यांचे वडील हयात आहेत.”

“बरं मग?”

“बाप जिवंत असताना मुलापुढे मुंडी ठेवत नाहीत. तुमच्याकडे ठेवत असतील, मला माहीत नाही. इथे तो बापाला मारल्यासारखा अपमान आहे.”

“आके, हा काय शास्त्र सांगायचा वेळ आहे? ते आता पंतप्रधान आहेत!”

“त्यांच्या बापाला कळवलंत का?”

तंबूची कनात वर गुंडाळलेली होती, त्यामुळे हे सर्वांना ऐकू गेले. बोरुबायेव यांना आपली बातमी ती अशी कळली. त्यांनी भाकरीचा हातातला तुकडा परत खाली ठेवला. उलुकमान सिदिकोव जोराने हसले.

“राज्यपालसाहेब, म्हातारा बरोबर बोलतोय. माझे वडील नव्वदीचे आहेत, पण त्यांना कळलं ना, तर आज संध्याकाळी माझीच मुंडी कढईत पडेल. ठेवा झारिलबेक अकुनोविच यांच्यापुढे. आजचा पाहुणा तेच.”

मुंडी बोरुबायेव यांच्यापुढे गेली. त्यांनी रीतीप्रमाणे कान कापून एका लहान मुलाला दिला आणि परात पुढे सरकवली. हात चेहऱ्यावरून फिरवून प्रार्थना संपते न संपते तोच माणसे उठली. अर्ध्या तासात अकरा गाड्या उलुकमान सिदिकोव यांच्या मागोमाग खाली उतरल्या. अकरावी गाडी पंतप्रधानांची होती, आणि तिच्या चालकाच्या मते ती पंतप्रधानांबरोबरच गेली.

उरलो आम्ही तिघे आणि भांडी घासणाऱ्या बायका. त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, “अगं, याला खाली कोण नेणार? गाढव तरी आहे का कोणाचं?” दुसरी म्हणाली, “गप बस, परत निवडून येईल.”

माझ्या जुन्या लाडा गाडीतून त्यांना पोचवायचे ठरले. गाडीत बसण्यापूर्वी ओमुरकान-आकेंनी कागद काढला. बोरुबायेव यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे आमचे काहीही त्यांनी प्रथमच वाचले.

“सव्वीस वर्षं? आधी का नाही सांगितलंत, आके?”

ओमुरकान-आके म्हणाले, “कामात होता तुम्ही.”

त्यांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला, सही केली, तारीख घातली, आणि सहीखाली हाताच्या सवयीने लिहिले: पंतप्रधान.

मी ते पाहिले. ओमुरकान-आकेंनीही पाहिले. तेथे ‘माजी जिल्हाप्रमुख’ असे हवे होते, आणि खोडून तसे लिहा, असे सांगणे सोपे होते. पण तासाभरापूर्वी ज्याचे पद गेले त्याला, तो आमच्या दारचा पाहुणा असता, तुम्ही आता त्या पदावर नाही असे कोणत्या तोंडाने सांगायचे? आमच्यात ते कोणीही सांगितले नसते. ओमुरकान-आकेंनी माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली, कागदाची घडी घातली, आणि म्हणाले, “देव तुमचं भलं करो.”

पुढच्या आठवड्यात बोरुबायेव यांची चौकशी सुरू झाली, आणि प्रकृतीच्या कारणास्तव ते परदेशी गेले.

निवृत्तीवेतन कचेरीतल्या खिडकीत अनारकुल नावाच्या बाई बसतात. त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी आहेत, आणि मी त्यांना त्या वेळी उत्तीर्ण केले याचे मला अद्याप वाईट वाटते.

“मुआलिम, त्या तारखेला पंतप्रधान दुसरे होते.”

“ते दुपारी बदलले.”

“कागदावर वेळ नाही, तारीख आहे. जो माणूस पंतप्रधान नसताना पंतप्रधान म्हणून सही करतो, तो कधीकाळी जिल्हाप्रमुख तरी होता, हे मी कशावरून धरू?”

“साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे! तुमच्या बापाला जमीन त्यांनीच दिली!”

“तसा कागद आणा.”

ओमुरकान-आकेंना मी हे सांगितले तेव्हा ते दुसऱ्या कोणा पाहुण्यासाठी मेंढी सोलत होते. त्यांनी काम थांबवले नाही.

दोन वर्षांनी सिदिकोव तुरुंगात गेले आणि बोरुबायेव विमानतळावर फुलांच्या हारांत उतरले. पुन्हा पंतप्रधान, पुन्हा आमचे कुरण, पुन्हा दारात गाडी. राज्यपाल नवे होते. मी नवा कागद टंकित केला. ओमुरकान-आके सहासष्ट वर्षांचे झाले होते आणि परात उचलताना त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू येत होता. या वेळी ते जेवण संपेपर्यंत थांबले नाहीत. मुंडी पुढे ठेवली, तिच्या शेजारी कागद ठेवला, कागदावर पेन ठेवले, आणि भरल्या बैठकीत देशाच्या पंतप्रधानाला त्यांनी धाकट्या भावाला हाक मारावी तशी हाक मारली.

“झारिलबेक, नुसतं नाव लिही बाळा. खाली काही लिहू नकोस.”

अंगरक्षक पुढे सरकला. राज्यपालांच्या कपाळावरची शीर उठली. बोरुबायेव यांनी म्हाताऱ्याकडे पाहिले. कदाचित त्यांना गाडीचे बॉनेट आठवले असेल, कदाचित बरगडी. किंवा काहीच आठवले नसेल. त्यांनी बोटांची चरबी रुमालाला पुसली, नाव लिहिले, आणि तेवढेच लिहिले. खालचा ‘त्या काळचा जिल्हाप्रमुख’ हा मजकूर मी आधीच टंकित करून ठेवला होता. इतक्या वर्षांत मलाही एवढे शहाणपण आले होते.

अनारकुलबाईंनी कागद उलटसुलट पाहिला, उजेडापुढे धरला, आणि आठ महिन्यांनी मंजूर केला. तोवर बोरुबायेव पुन्हा पडले होते. मंजुरीचे पत्र घेऊन मी गेलो तेव्हा ओमुरकान-आके ओट्यावर ऊन घेत बसले होते. त्यांनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावले. रकमेचा आकडा आला तिथे त्यांनी हात हलवून ‘पुढे वाच’ असे केले. ‘सव्वीस वर्षे, दोन महिने’ आले तिथे ते म्हणाले, “दोन महिने पण धरले?” आणि आत जाऊन सुरी गुंडाळून ठेवून आले.

नव्या पंतप्रधानांसाठी गाडी आली ती सप्टेंबरात. मी तिथेच होतो. सहायक दारातूनच म्हणाला, “चला, आके, पाहुणे आलेत.”

ओमुरकान-आकेंनी पत्र दाखवले.

“हे काय?”

“निवृत्त आहे मी. सरकार म्हणतंय.”

“अहो, एक दिवस! दुसरं कोणाला येतंय हे?”

“ते सरकारला विचार.”

सहायकाने माझ्याकडे पाहिले, मी चिनाराच्या झाडाकडे पाहिले, आणि गाडी रिकामी गेली.

जेवणाला कचेरीतर्फे मला जावे लागले. मेंढी राजधानीतून आणवलेल्या एका आचाऱ्याने वाटली. पांढरी टोपी, हातमोजे, सुबक माणूस. त्याने बैठकीतल्या सर्वांत म्हाताऱ्या गुराख्यापुढे बरगडी ठेवली, राज्यपालांच्या जावयापुढे कमरेचे हाड, आणि पंतप्रधानांपुढे फरा, कारण त्यावर मांस जास्त दिसत होते. मुंडी कुठे गेली मला कळले नाही. मी सभोवार पाहिले, कोणीतरी उठेल, निदान कोणीतरी माझ्याकडे पाहील म्हणून. सगळे खात होते. म्हातारा गुराखी बरगडी हातात धरून थोडा वेळ बसला, मग त्यानेही खायला सुरुवात केली.

खाली उतरल्यावर मी ओमुरकान-आकेंकडे गेलो. कोणते हाड कोणाकडे गेले, ते मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी मला चहा दिला.