बोटांचं माहेरपण

दवनीवाड्यात चमच्यानं भात खाणारा माणूस एकच, आणि तो चमचाही विमानातला. पांढरा, प्लास्टिकचा, बोटभर लांबीचा. लहान लेकराला औषध पाजायलासुद्धा तो कोणी हातात धरला नसता. पण गेल्या आषाढात योगराज बिसेन ओसरीवर पाट टाकून त्याच चमच्यानं डाळभात उकरत बसायचा आणि जाणारं-येणारं माणूस फाटकाशी थबकायचं. चमच्यात मावायची चार शितं. त्याचं ताट संपेपर्यंत बाजारात गेलेली बाई भाजी घेऊन, भावावरून भांडून परत यायची.

"काऊन जी योगराजभाऊ, विमान उतरलं नाई का अजून?" समोरची सुमित्राबाई विचारायची.

"उतरते ना काकी. खालून सिग्नल नाई भेटून रायला."

"मंग हवाईसुंदरीले सांग, जरा लोणचं वाढ मनावं."

हवाईसुंदरी म्हणजे निर्मलाबाई, त्याची बायको. ती चिखलाचे पाय तसेच घेऊन, पदर खोचून, लोणच्याची बरणी आणायची आणि नवऱ्याच्या ताटात फोड ठेवायची. ती फोडही तो चमच्यानंच तोडायचा. हात लावायची बंदी होती.

हसायला हे झकास होतं. पण त्या चमच्यावर योगराजची नोकरी टांगलेली होती.

योगराज राइस मिलचा मिस्त्री. मिसरूड फुटायच्या आधीपासून गोंदियाच्या मिलांमध्ये. मशीन चालू असताना पॉलिशरच्या तोंडाशी हात धरायचा, मूठभर तांदूळ घ्यायचा, अंगठा आणि बोटांत चोळायचा आणि ओरडायचा, "ढिला कर थोडा, दाना तुटून रायला." धानात ओल किती, कोंडा किती राहिला, तुटून कनकी किती पडणार, हे त्याला त्या चोळण्यातच कळायचं. आता धानाचा भुसा म्हणजे काय मखमल नाही, कानसच ती. इतकी वर्षं घासून घासून त्याच्या बोटांची टोकं अशी गुळगुळीत झाली की रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं यंत्र त्याला ओळखेना. घरचं रेशन निर्मलाबाईच्या अंगठ्यावर यायचं. घरात अंगठा कोणाचा चालतो, यावर चहाटपरीवाल्या दुधरामनं दोन वर्षं विनोद चालवले.

मग मिलमध्ये कॅमेऱ्याचं मशीन आलं. एकेक दाणा पाहून काळा-पिवळा बाजूला फेकणारं. आत कोणाला हात घालायची गरज उरली नाही. मालक चांगला माणूस. म्हणाला, "मिस्त्री, बहुत काम किया, अब आराम करो." आराम करायला योगराजजवळ धानाची एक लहानशी बांधी होती आणि नागपूरला नर्सिंग शिकणारी डिंपल होती. पन्नाशीच्या मिस्त्रीला दुसऱ्या मिलनं घेतलं नाही, कारण तिथंही कॅमेरा पोचला होता.

त्याच मालकाच्या नात्यातल्या कोणी आफ्रिकेत मिल टाकली होती. तिथं कॅमेरा नव्हता. आमच्या आळीत आफ्रिका म्हणजे काही खंड नव्हे. आमगाव, सालेकसा, आफ्रिका, असं ते एक गाव आहे, फक्त तिथं काळीपिवळी जीप जात नाही. गोंदियाच्या केशोराव एजंटनं कागद केले आणि योगराज उडाला. दोनदा गेला, दोनदा हंगाम करून परत आला.

पहिल्या खेपेच्या गोष्टी त्यानं इतक्यांदा सांगितल्या की आळीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ आहेत. बॅग तोलायला धानाचा काटा आणला होता. निर्मलाबाई लाखोरीच्या डाळीची पिशवी आत टाकायची, योगराज बाहेर काढायचा, ती पुन्हा टाकायची. शेवटी ती डाळ योगराजच्या शर्टाच्या आतून पोटाशी बांधून गेली आणि तपासणीवाल्यानं पोट चाचपून विचारलं, "ये क्या है?" तर हा म्हणाला, "घर की है." विमानात पट्टा बांधला तो उतरेपर्यंत सोडला नाही. संडासात पाणी सोडलं तर मिलचा ब्लोअर फुटल्यासारखा आवाज झाला आणि हा दार उघडून तसाच बाहेर. पण खिडकी मिळाली होती. खाली ढग असे, की भाताचं आधण उतू जाऊन सगळीकडे पसरलं आहे.

आणि एक गोष्ट तो मोठ्यानं नाही सांगायचा, निर्मलाबाईलाच सांगितली. एक पोरगी वाकून म्हणाली, "सर, वेज या नॉनवेज?"

"मंग तुमी का मनलं?"

"काई नाई. दुसऱ्यांदा विचारावं मनून चूप रायलो."

जन्मभर 'ए मिस्त्री' ऐकलेल्या माणसाला हे फुकट मिळालं होतं. त्या ताटातलं तो सगळं घेऊन आला. मिठाची पुडी, मिऱ्याची पुडी, ओला कागद, चमचा. निर्मलाबाईनं ते काचेच्या कपाटात, डिंपलच्या शाळेतल्या ढालीशेजारी ठेवलं.

भीती एकच बसली, ती उतरल्यावर. तिथल्या विमानतळावर बोटं घेतात. काचेवर हात ठेवला, यंत्र म्हणालं नाही. पुन्हा नाही. मागची रांग खोळंबली, त्याला बाजूला बाकावर बसवलं. परतीच्या विमानात घालतात की जेलात, या विचारानं त्याच्या पोटाशी बांधलेली डाळ घामानं भिजली. अखेर एक धिप्पाड साहेब आला. त्यानं योगराजची बोटं स्वतःच्या रुमालानं पुसली, आपल्या पंजात धरली आणि काचेवर आडवीतिडवी, मोडतील अशी दाबली. यंत्र टुणकन वाजलं. काय उमटलं ते देवाला ठाऊक, पण साहेबानं शिक्का मारला. दुसऱ्या खेपेलाही असंच निभावलं.

यंदा तिसरं बोलावणं आलं. पण नियम बदलला होता. आता बोटं आधीच द्यायची, मुंबईच्या कचेरीत, तेव्हा व्हिसा. योगराज विदर्भ एक्स्प्रेसनं गेला आणि तसाच परत आला. काउंटरवरची पोरगी म्हणाली होती, "सर, फिंगर नहीं आ रहे. हाथ को रेस्ट दीजिए, फिर आइए."

इथंही तिनं सर म्हटलं होतं. तेवढंच घेऊन तो घरी आला.

आणि मग बोटांचं माहेरपण सुरू झालं. निर्मलाबाईनं हुकूम काढला, की हातानं काही करायचं नाही. भांडं नाही, दोरी नाही, कुदळ नाही, भातही नाही. कपाटातला चमचा बाहेर आला. रोज दिवेलागणीला ती मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून त्याचा पंजा मांडीवर घ्यायची आणि एकेक बोट चोळायची. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली, पण असा हात धरलेला आळीनं कधी पाहिला नव्हता. सुमित्राबाई मुद्दाम चाळण मागायला यायची.

"अवं निर्मला, माह्या बुढ्याचेबी बोटं घासले हायेत. पाठवू का?"

"पाठव ना काकी. पन त्यायचं विमान कुठं जाते ते आधी विचारून घे."

रोवण्याचे, धानाच्या लावणीचे दिवस. सगळं गाव वाकलेलं, आणि योगराज बांधीच्या धुऱ्यावर छत्री घेऊन उभा, हातात डिंपलनं पाठवलेले पांढरे हातमोजे. एखादा फौजदार पंचनाम्याला आल्यासारखा. निर्मलाबाई पऱ्हे उपटायची, जुड्या बांधायची, चिखलात लावायची, दोघांचं काम एकटी. एकदा तिच्या पायात काटा मोडला. हा मोजा काढायला लागला तर तिनं तिथूनच दटावलं.

"राहू द्या जी. काटा का निघून नाई जाईल? बोट जाईल तुमचं."

तिनं दातानं काटा काढायचा प्रयत्न केला, पाय तोंडापर्यंत पोचेना, शेवटी शेजारच्या बांधीतली बाई आली. योगराज छत्री धरून पाहत राहिला.

बोटं आली की नाही हे पाहायची युक्ती दुधरामची. तव्याची काजळी अंगठ्याला लावायची आणि ओसरीच्या चुन्याच्या भिंतीवर ठसा उमटवायचा. पहिला ठसा म्हणजे नुसता काळा डाग, जणू माशी चिरडली. रोज एक नवा. श्रावण लागला तेव्हा डागाच्या कडेला एक रेघ दिसली. मग दोन. मग गावानं टॉर्च घेऊन यायला सुरुवात केली. पोळ्याच्या सुमारास भिंतीवरच्या अंगठ्यात नदीच्या वाळूवर उमटतात तशा बारीक लाटा होत्या. निर्मलाबाई झाडताना त्या भिंतीला झाडू लागू द्यायची नाही.

पक्की परीक्षा रेशनच्या दुकानात झाली. रांगेतले सगळे आपलं सोडून यंत्राभोवती गोळा झाले. योगराजनं अंगठा ठेवला आणि यंत्रानं त्याचं नाव दाखवलं. निर्मलाबाईनं पदर तोंडाला लावला. दुधरामनं त्या दिवशी आळीला फुकट चहा पाजला. हे त्यानं पोरीच्या लग्नातही केलं नव्हतं.

भादव्यात योगराज पुन्हा मुंबईला गेला. डब्यात हात मांडीवर उताणे ठेवून बसला होता, कशाला लागू नयेत म्हणून. काउंटरवर तीच पोरगी. त्यानं काचेवर बोटं ठेवली आणि हिरवा दिवा लागला. दहाही बोटं, पहिल्या फटक्यात. योगराज हसला. पोरगी पडद्याकडे पाहत राहिली.

"सर, आप पहले जा चुके हैं ना? पुराने रेकॉर्ड से मैच नहीं हो रहा."

"तब घिसे हुए थे मॅडम. अब आ गए."

"सर, फिंगर आते-जाते नहीं. सिस्टम में जो योगराज बिसेन है, उसके फिंगर ये नहीं हैं."

त्या धिप्पाड साहेबानं आडवंतिडवं दाबून जे उमटवलं होतं, तोच तिथल्या दप्तरी योगराज होता. हा नव्हता. पोरगी वाईट नव्हती, तिनं आत जाऊन मोठ्या साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, चौकशी तिकडून होईल, वेळ लागेल. योगराजनं आपला चेहरा दाखवला, पासपोर्ट दाखवला, पासपोर्टातला शिक्का दाखवला. त्यांना तो सगळा मान्य होता, बोटं सोडून.

गोंदियाला उतरला तो घरी न जाता केशोरावकडे. केशोराव एजंटनं सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागं रेलला.

"भाऊ, आता एकच इलाज. जुनी बोटं घेऊन या."

"कुठून आनू?"

"मिलमध्ये घासा पुन्हा."

"कोन्त्या मिलमध्ये जी? हात घालू देते का आता कोनी?"

केशोरावनं थट्टाच केली होती. उत्तर आल्यावर त्यानं फोन उचलला आणि कोणाशी तरी बोलू लागला.

घरी योगराजनं एवढंच सांगितलं, "चौकशी होऊन रायली." निर्मलाबाईनं तेल कोमट केलं. तो म्हणाला, "आता कायले?" तिनं तरी हात ओढून घेतला आणि चोळला. दुसऱ्या दिवशीही. मग एका दिवशी तिनं केलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

चौकशी तिकडे होत राहिली. पण तिथला हंगाम थांबणार नव्हता. आफ्रिकेच्या मालकानं दुसरा माणूस मागितला आणि केशोरावनं भुपेंद्रला उभं केलं. भुपेंद्र योगराजच्याच हाताखाली शिकलेला, कॅमेऱ्याच्या मशीनवर बटणं दाबणारा. त्याची बोटं बाळासारखी. मुंबईला पहिल्या फटक्यात लागली, जुळवायला मागचं काही नव्हतंच.

दिवाळीच्या आधी तो पाया पडायला आला. सोबत पिशवीत मिलमधला तांदूळ.

"काका, तिथं कॅमेरा नाई मनतात. दाना हातानं कसा पायाचा, तेवढं दाखवून द्या जी."

योगराजनं त्याला आधी विमानाचं सांगितलं. खिडकी माग. पट्टा सोडता येते, मी उगाच बांधून होतो. संडासात घाबरू नको. कोनी सर मनलं तर मागं वळून पाहू नको, तुलेच मनून रायले. भुपेंद्र हसला. मग त्यानं पिशवी उघडली.

योगराजनं मूठ भरली. अंगठा आणि बोटांत तांदूळ चोळला. थांबला. पुन्हा चोळला. दाणे बोटांना लागत होते, टोचत होते, बाजारात कोणाच्याही बोटांना टोचतील तसे. ओल किती, कोंडा किती, काही कळेना. त्यानं डोळे मिटून पाहिलं. डाव्या हातानं पाहिलं.

"का मनते काका?" भुपेंद्रनं विचारलं.

"बरा हाय," योगराज म्हणाला. "असाच ठेवजो."

दारात उभ्या निर्मलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस एक चिमूट चोळून सगळ्या मिलला शिव्या घालायचा, तांदळाला नुसतं 'बरा' म्हणताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. भुपेंद्र गेल्यावर तिनं ताट वाढलं. चमचा पुन्हा कपाटात गेला होता. तो हातानं जेवला, आणि सुमित्राबाई फाटकाशी येऊनही काही न विचारता परत गेली.

दिवाळीला भिंतीला चुना लागला. काजळी चुन्यातून वर येते, म्हणून दोन हात द्यावे लागले. तरी ऊन तिरपं पडलं की ओसरीवर करडे ठिपके दिसतात.

आता रेशन योगराज आणतो. निर्मलाबाईचा अंगठा यंत्र घेत नाही, रोवण्यात आणि कापणीत झिजला. योगराजचा पहिल्या फटक्यात लागतो. दुकानदार पोतं पुढं सरकवतो, योगराज ते खांद्यावर घेतो आणि दुधरामच्या टपरीवरून घराकडे जातो. दुधराम त्याला बसा म्हणतो, चहा देतो, आणि अंगठ्याचा विषय काढत नाही.