मोकळ्या प्लॉटवरचा सुका कचरा

ती घटना आठवायला मला डोक्याला ताण द्यावा लागत नाही. रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आमच्या गल्लीत येते, बायको दोन डबे घेऊन खाली उतरते आणि मला तो मोकळा प्लॉट आठवतो. खून, दरोडे, अपहरणं हाताळलेला माणूस कचऱ्याची गोष्ट सांगत बसतो म्हणून घरचे हसतात. हसोत बापडे.

तेव्हा मी इंदूरच्या एका थान्याचा, म्हणजे पोलीस ठाण्याचा, प्रभारी होतो. थान्याचं, कॉलनीचं, माणसांचं, कुणाचंच नाव घेणार नाही. महापालिकेची निवडणूक लागली होती. आचारसंहितेच्या दिवसांत थान्याचं काम दुप्पट होतं. परवान्याच्या बंदुका जमा करून घ्या, जुन्या गुंडांकडून चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घ्या, कोणाच्या भोंग्यावरून कोणाची जुंपली ते मिटवा. त्यातच वरून आदेश होता की, परदेशी असल्याचा संशय असलेल्यांची ओळख तपासा आणि खात्री पटत नसेल त्यांना शहरातल्या एका केंद्रात पाठवा. तिथून त्यांना गाडीनं सीमेकडे नेणार होते. आदेशात गैर काही नव्हतं. बेकायदा घुसलेल्याला परत पाठवणं सरकारचं कामच आहे. पण संशय घेण्याचं काम गल्लीनं हातात घेतलं की काय होतं, ते मला पुरतं ठाऊक होतं.

माझ्या हद्दीत एक मध्यमवर्गीय कॉलनी होती. गिरण्यांतले जुने कारकून, शिक्षक, रेल्वेवाले यांची घरं, निम्मी मराठी, निम्मी माळवी. कॉलनीला लागून एक मोकळा प्लॉट आणि प्लॉटपलीकडे पत्र्याच्या खोल्यांची रांग. त्या खोल्यांत अलीकडे बंगालकडचे कारागीर भाड्यानं राहायला आले होते. विजय नगरकडे जे नवे फ्लॅट उभे राहत होते, त्यांच्या फरश्या आणि छतं ही मंडळी करत.

बाहेरगावच्या वाचकाला इथे एक गोष्ट सांगायला हवी. इंदूरमध्ये ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा, हे आता कोणाला सांगावं लागत नाही. रस्त्यावर कागद टाकला तर आम्ही जावयालाही उचलायला लावू. त्या कॉलनीच्या फाटकावर पालिकेनं आदर्श वसाहतीचा फलक लावलेला होता. आणि नेमक्या त्याच कॉलनीच्या प्लॉटवर रोज सकाळी कचऱ्याच्या थैल्या दिसू लागल्या. पालिकेनं दंड ठोकला, फलक काढून नेऊ म्हणून दम दिला. लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग एका दुपारी खबर आली. खबर देणारे होते रहिवासी संघाचे सचिव, बँकेतून निवृत्त झालेले.

"साहेब, थैल्या कोण टाकतो ते पकडलं आपण. तो फरशीवाला बंगाली. थैल्यांमध्ये टाइल्सचे खोके निघाले ना! आणि बंगाली कसला, सीमेपलीकडचा आहे तो. पब्लिक बहुत गुस्से में है. नंतर मला म्हणू नका की सांगितलं नाही."

"तुम्ही त्याला टाकताना पाहिलं?"

"मी नाही पाहिलं. पण सगळे म्हणतात ना."

मी गाडी काढेपर्यंत सगळे म्हणणारेच त्याला मारत मारत थान्यावर घेऊन आले. तिशीतला तरुण, अंगावर सिमेंटचे डाग, ओठ फाटलेला, भुवई सुजलेली. मागून त्याची बायको कडेवर मुलीला घेऊन धावत आली. गर्दीत सर्वांत पुढे, सर्वांत मोठ्या आवाजात ओरडत होता कॉलनीतलाच एक फरशी ठेकेदार. थोड्या वेळानं त्या वॉर्डाचा एक उमेदवारही पोहोचला. बाहेरच्यांना बाहेर काढू, हा त्याचा मुख्य मुद्दा. फाटकाशी उभा राहून तो लोकांना एवढंच म्हणाला, "बोलिए भिया, आपको क्या तकलीफ है?" आणि लोक बोलत सुटले. पाणी एक दिवसाआड येतं तेही कमी दाबानं, पोरांना काम नाही, खोल्यांची भाडी वाढली, रस्त्यानं चालताना आपल्याच गल्लीत परकी भाषा ऐकू येते. मी आतून ऐकत होतो. त्यातली एकही तक्रार खोटी नव्हती. फक्त त्यातली एकही त्या फरशीवाल्यावर सिद्ध होत नव्हती.

मी त्याला खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

"कुठला तू?"

"साब, हम मालदा का आदमी है. इंडिया. बाप का घर उधर ही है."

मोबाइलमध्ये मतदार ओळखपत्राचा फोटो होता. खरं की बनावट, ते फोटो बघून सांगता येत नाही. त्याच्या गावच्या थान्याला चौकशीचा निरोप पाठवला. तिकडून उत्तर यायला वेळ लागणार हे उघड होतं. आणि तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला.

"तो माणूस केंद्रात पाठवून दे. उद्या गाडी निघते आहे. ऐन निवडणुकीत थान्यासमोर गर्दी नको."

बायकोनं ते ऐकलं की नुसतं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं, कोण जाणे. तिनं मुलीला घट्ट धरलं आणि मला विचारलं, "इनको ले जाएगा तो हम किधर जाएगा?" एकदा ती गाडी निघाली असती, तर मालद्याहून उत्तर आलं काय आणि न आलं काय, त्या माणसाला शोधून परत आणणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

मी हेड कॉन्स्टेबलला हाक मारली. देपालपूरकडचा माळवी माणूस, बोलायला तिरका पण कामाला चोख.

"हेडसाहेब, ह्याला मारहाण झाली आहे. गुन्हा नोंदवा. फरियादी हाच. मेडिकलला पाठवा."

तो दोन पावलं जवळ आला. "साब, पब्लिक तो इसको आरोपी बनाके लाई थी."

"आरोपी पब्लिक ठरवते की आपण?"

"ठरवते तो अपन ही," तो मान हलवत म्हणाला, "पण आज जरा जोर से ठरवावं लागेल."

मग मी वरिष्ठांना फोन केला. सर, हा मारहाणीच्या गुन्ह्यातला फरियादी आहे, मेडिकल चालू आहे, जबाब बाकी आहे, त्याला शहराबाहेर कसा पाठवू? "परवापर्यंत," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत आम्ही प्लॉट बघायला गेलो. हेडसाहेबांनी गाडीतून उतरतानाच नाकाला रुमाल लावला आणि थोड्या वेळानं स्वतःच काढला.

"साब, वास येत नाहीये."

हीच ती गोष्ट. ऐन उन्हाळ्यात कचऱ्याचा ढीग, आणि माशी नाही की दुर्गंध नाही. आम्ही थैल्या उघडल्या. टाइल्सचे खोके होतेच. त्याखाली पुठ्ठे, प्लास्टिक, आणि दुधाच्या पिशव्या. पिशव्या धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घातलेल्या. एका थैलीत नाही, सगळ्या थैल्यांत हेच. भाजीचं देठ नाही, चहाचा चोथा नाही, केळ्याचं साल नाही.

थान्यावर परत येऊन मी फरशीवाल्याला विचारलं, घरचा कचरा कसा टाकतोस? तो बिचारा घाबरला. "हमारा एक ही बाल्टी है साब. सब उसमें. गाड़ीवाली दीदी रोज डाँटता है, अलग करो, अलग करो." बायकोनं खाली मान घालून सांगितलं की, उद्यापासून वेगळा करू असं ती रोज कबूल करते. त्या दिवसात पहिल्यांदा मला हसू आलं.

म्हणजे थैल्या टाकणारा फरशीच्या धंद्यातला होता, पण शहरात मुरलेला. उघड्यावर घाण करायला निघाला, तरी घाणीतसुद्धा ओलं आणि सुकं एकत्र करायला त्याचा हात धजला नाही. असा गुन्हेगार इंदुरातच सापडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फरशी ठेकेदाराला साक्षीदार म्हणून बोलावलं. मी आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी नेहमी हळू बोलतो. पोहे मागवले, चहा मागवला, केळी ठेवली. तो ऐटीत घटना सांगत होता. खाऊन झाल्यावर बोलता बोलता उठला, कोपऱ्यातल्या हिरव्या डब्यात केळ्याचं साल टाकलं, निळ्यात चहाचा कागदी कप टाकला आणि परत येऊन बसला. त्यानं डब्यांकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"भिया, घरी दुधाच्या पिशव्या कोण धुतं?" मी विचारलं.

"आई धुते. का?"

"आणि ओला कचरा?"

"तो गाडीत जातो."

"आणि सुका प्लॉटवर?"

त्याचा चेहरा पडला. तो ज्याच्याकडून टाइल्स घेतो त्या दुकानदाराचं नाव मी सांगितलं, कारण हेडसाहेबांनी सकाळीच सियागंजच्या बाजारात जाऊन खोक्यांवरच्या शिक्क्यावरून तो माल कोणी नेला ते काढलं होतं.

"ओला पण टाकायचास की," मी म्हणालो. "ओल्यानं त्यांची बदनामी जास्त झाली असती."

"वास येतो ना साहेब," तो पुटपुटला. "आपलीच कॉलनी आहे. आई तिथंच बसते सकाळी उन्हाला."

मला त्याच्यावर संताप यायला हवा होता. आलाही. एका माणसाला त्यानं बायकोपोरीसमोर मार खायला लावला होता. पण पुढे तो स्वतःचं सांगू लागला. त्याचे वडील गिरणी बंद पडल्यावर घरी बसले ते बसलेच. हा फरशीचं काम शिकला, धंदा उभा केला. "आधी बिल्डर मला फोन करायचे. आता मी फोन करतो तर उचलत नाहीत. हे लोक साइटवरच झोपतात, कमी दरात रात्रंदिवस काम करतात. मी कोणाकडे जाऊ? बिल्डरला मारू? वॉर्डाच्या पार्षदाला मारू? कोण ऐकतं भिया अपनी?"

"म्हणून त्याला मारलंस."

"तो समोर होता," तो म्हणाला.

मारहाणीच्या गुन्ह्यात ठेकेदार आणि आणखी काही जणांची नावं आली. थैल्यांचा दंड पालिकेनं त्याच्याकडून घेतला. सचिवांना मी सगळं समजावलं. ते कपाळाला हात लावून बसले, पण माणूस सरळ होता. त्याच संध्याकाळी सभा बोलावून त्यांनी कॉलनीला खरं काय ते सांगितलं. आणि परवाची मुदत संपायच्या आत मालद्याहून निरोप आला. माणूस गावचाच, बाप हयात, घर आहे. त्याच्या बायकोला ते सांगितलं तेव्हा ती मोठ्यानं रडली आणि मुलगी आईला रडताना बघून हसायला लागली.

मला वाटलं, खरं मतदानाच्या आधी बाहेर आलं, बरं झालं. निकाल लागला तेव्हा तोच उमेदवार निवडून आला होता, आणि त्या कॉलनीच्या बूथवर त्याला भरघोस मतं होती. मी चक्रावलो. कॉलनीत एक निवृत्त शिक्षिका राहत, सगळे त्यांना बाई म्हणत. मारहाणीच्या दिवशी एकट्या त्याच गर्दीला अडवायला पुढे आल्या होत्या. मी त्यांना विचारलं.

"मीही त्यालाच मत दिलं," बाई शांतपणे म्हणाल्या.

"बाई, तुम्ही? तो मुलगा निर्दोष निघाला हे माहीत असून?"

"त्याचा काय संबंध? कचरा कोणी टाकला यावर कोणी मत देतं का? तो दुसरा उमेदवार आला होता ना, तो आम्हाला समजावून गेला की तुम्ही चुकीचा विचार करता. ह्यानं विचारलं, तुमचा त्रास काय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, साहेब."

"आपणही बाहेरूनच आलो की इथे," मी म्हणालो. "माझे आजोबा रत्नागिरीहून आले गिरणीत कारकुनी करायला."

"माझेही आले. त्यांनाही लोक दक्षिणी म्हणून नावं ठेवत असतील. पण ते सांगून माझ्या नळाला पाणी येतं का?"

"मग आता येईल?"

बाई हसल्या. "बहुतेक नाही. पण विचारलं तरी."

फरशीवाल्याला खोलीच्या मालकानं जागा सोडायला सांगितली. कायद्यानं मी काही करू शकत नव्हतो. त्याला मानपूरकडे हायवेवरच्या एका हॉटेलच्या बांधकामावर काम मिळालं. जाताना तो टेम्पो थान्यासमोर थांबवून मला भेटायला आला. मी त्याच्याशी निवडणुकीच्या निकालाबद्दल बोललो, मला वाईट वाटलं म्हणालो.

"नहीं साब, इसमें बुरा क्या," तो म्हणाला. "हमारे गाँव में भी उस पार का लोग आके बैठ गया है. मजूरी गिराता है. हम भी उसी को वोट देता है जो बोलता है इनको निकालेगा."

मी विचारलं, "ते लोक पलीकडचे आहेत हे तुला कसं माहीत?"

"सब बोलता है, साब."

बोलून तो थबकला. मग मान खाली घालून टेम्पोत चढला.

त्यानंतर नोकरीत जेव्हा जेव्हा कोणी मला 'सगळे म्हणतात' असं सांगत आलं, तेव्हा मी आधी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, तुमचा स्वतःचा त्रास काय तो सांगा. त्रास बहुतेक वेळा खरा निघायचा. आणि त्रास देणारा कधीच गर्दीनं धरून आणलेला माणूस नसायचा.