मीटरवरचा सात

आमचा लेन, माझा भाऊ, गेला त्याला बुधवारी तीन आठवडे झाले. कॉव्हेन्ट्रीत घरामागच्या शेडमध्ये तो जुन्या एमजी गाड्यांचे स्पीडचे मीटर नीट करायचा. आतली चाकं साफ करायची, उडालेले आकडे बारीक ब्रशनं परत रंगवायचे. मागच्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला. काम सुटणार म्हणून घाबरला होता तो. मी म्हटलं, "दे इकडे. चाळीस वर्षं बेकरीत केकवर नावं घातलीत मी."

"केक लोक खाऊन टाकतात गं, मेव्हिस. हे राहतं." तरी ब्रश दिला. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं.

मग त्याचं जुनं गिऱ्हाईक, मिस्टर पार्जेटर, आपला मीटर न्यायला आले. खिडकीपाशी धरून बघतच राहिले.

"लेन, हा सात तुझा नाही."

लेनचे कान लाल झाले. मला वाटलं, आता खोटं बोलणार.

"नाही. माझा हात गेलाय. बहिणीनं काढलाय. नको असेल तर पुसून देतो."

"पुसतोस कशाला? तुझा सात दारू प्यायल्यासारखा वाकायचा. तीस वर्षं गप्प बसलो मी!"

लेन खोकला येईपर्यंत हसला. ते गेल्यावर म्हणाला, "शेडच्या पाटीवर तुझं पण नाव घाल."

मी स्टुलावर चढून लिहायला लागले. तो खाली खुर्चीत बसून बघत होता. "जरा डावीकडे घे, मेव्हिस. माझ्या नावावर चढू नकोस."