प्रसादचा खडा

फोन आला तेव्हा मी गोरेगावच्या डबिंग स्टुडिओत म्हाताऱ्या बोकडाचा आवाज काढत होतो. पलीकडून हॉस्पिटलवाल्याने विचारलं, "प्रसादचे कोण आपण?" मी तंद्रीत बोकडाच्याच आवाजात म्हणालो, "दोस्त." ...पुढचं ऐकलं आणि आवाजच बसला. डेंग्यूने गेला माझा यार. तापातही बजावत होता, "बाळ्या, पेटीला हात लावू नकोस हां!"

पेटी म्हणजे चारकोपच्या आमच्या खोलीतली थर्मोकोलची. प्रसाद पीएचडी करत होता. सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळवून त्याचे क्रिस्टल वाढवायचा. लॅबचा एसी मधेच बंद पडायचा, म्हणून एक बीकर खोलीवर, या पेटीत. त्यात दोऱ्याला लटकलेला खडा, गोगलगायीच्या वेगाने वाढणारा. मी त्याच्या गाईडसरांच्या आवाजात ओरडायचो, "प्रसाद, कुठवर आलं?" हा ताडकन उभा! मग उशी यायची थेट माझ्या तोंडावर. खडा तयार झाला की लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर धरायचा, डोळ्यापुढे जुन्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची, ठरावीक कोनात उजेड अडवणारी फिल्म. फिल्म फिरवून स्क्रीन काळी करायची, मग खडा फिरवायचा. अख्खा खडा एकदम काळा झाला तर झकास. कुठे उजेड उरला तर आत ताण, म्हणजे खडा खोटा. "वाट लागली," म्हणायचा आणि परत विरघळवायचा. त्याचा एकही खडा कधी पूर्ण काळा झाला नाही.

सामान न्यायला कणकवलीहून त्याची आई आली. "त्येच्या हातचा कायतरी दी रे माका." मी बीकरमधला खडा हळूच काढला, टिपला, स्क्रीनसमोर धरून फिरवला... काळा. अख्खा, एकदम! अरे प्रसाद, बघ ना रे... कुणाला हाक मारू?

आईने फिल्म डोळ्याला लावली. "काळोखच आसा. माझो झील, माझो प्रसाद खंय ह्येच्यात?" आणि खडा मुठीत घट्ट धरून छातीशी नेला. प्रसाद सांगायचा, तळहाताच्या उबेनेही तडकतो. "आई, नको..." म्हणेपर्यंत बारीकसं टक् झालं.

परत धरून बघितला. मधोमध रंगीत उजेडाची चीर. कसाही फिरवला तरी विझेना. "आता दिसता," ती म्हणाली, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

खडा ती घेऊन गेली. फिल्म माझ्याकडे आहे. कामावरून आलो की स्क्रीन काळी करतो, सरांच्या आवाजात ओरडतो, "प्रसाद, कुठवर आलं?"

...उशी त्याच्या खाटेवरच असते.